पिवळा राखणमासा

धरणाचं पाणी खेळवलेल्या टाकीतला राखणमासा पिवळा दिसला आणि वैजंता धावतच टाकीशी गेली. धरणाच्या पाण्यात खवले सडवणारा जिवाणू शिरला, की हा पांढरा मासा पिवळा पडायचा; प्रयोगशाळेत त्याला घडवलं होतं त्यासाठीच. आता धरणात जाळीच्या पिंजऱ्यात पाळलेले सगळे मासे मारावे लागणार. रोग धरणातल्या मोकळ्या माशांत पसरला असेल, तर अख्ख्या भोईवाड्याच्या चुली थंडावणार.

तिने मासा उचलला. बोटं पिवळी झाली. तिने ती हुंगली.

"आत्याबाई, ह्याला हळद लावलीत?"

"मग?" सासू म्हणाली. "पुनवेला होडीला लावतो, जाळ्याला लावतो. दिवसरात्र राखण करतो, त्यालाच नको?"

वैजंता मटकन खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. धुतल्यावर मासा पांढराशुभ्र झाला. मग तिनेच कुंकवाचं बोट टेकवलं, टाकीला, बाहेरून.