आयेची मांडी

"आये, डोळे उघड ना माझे," आतून वर्षाची हाक आली आणि बारकीच्या अंगाचा तिळपापड झाला.

रोजचंच होतं हे. सकाळ झाली की ताईसाहेबांच्या पापण्या चिपडांनी घट्ट चिकटलेल्या. मग आयेने उकळून कोमट केलेलं पाणी घ्यायचं, ताईसाहेबांचं डोकं मांडीवर घ्यायचं, कापूस भिजवून भिजवून एकेक पापणी सोडवायची, वर मलम लावायचं. वर्षाला किडनीचा आजार होता. वर्षभर गोळ्या चालू होत्या, आणि त्या गोळ्यांनीच अंगातला जोर कमी होतो, म्हणून पापण्या सारख्या सुजतात, पू धरतात, असं डहाणूच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. एक रांजणवाडी बसते न बसते तोच दुसरी डोकं वर काढायची. हे सगळं बारकीला कळत होतं. आठवीत होती ती, कुकुलं बाळ नव्हती.

तिला खुपायची ती कुजबुज. पापण्या सुटेपर्यंत मायलेकी काहीतरी पुटपुटत राहायच्या, मध्येच खुदकन हसायच्या. बारकी जवळ गेली की दोघी चिडीचूप. काय चाललंय विचारलं तर आये म्हणायची, "काय नाय. तू दात घास." बारकीच्या नशिबी कुठली मांडी! तिची वेणीसुद्धा आये उभ्याउभ्याच घालायची, तीही घोड्याचा लगाम खेचावा तशी.

मागे एकदा तिने वर्षाचा वापरलेला कापूस गुपचूप स्वतःच्या डोळ्यांवरून फिरवला होता. डोळे आलेल्या माणसाकडे नुसतं बघितलं तरी आपले येतात, हे अख्ख्या रानशेत गावाला माहीत होतं. मग हे का नाही येणार? दुसऱ्या दिवशी कोंबड्याच्या आधी जाग आली, तर दोन्ही डोळे टक्क उघडे! आयेला कळलं तेव्हा धपाटा मिळाला तो वेगळाच. "डोळे येणं नाय ते, आजाराचं हाय. येडी कुठली!"

आज मात्र आये घरात नव्हती. बोअरिंगवर पाण्याला गेली होती, आणि तिथे रूपीकाकी भेटली की आयेचा हंडा काही लवकर भरत नसे. चुलीशेजारी कोमट पाण्याची वाटी तयार होती. दोरीवर आयेचा टॉवेल होता, ती खांद्यावरून पदरासारखा घ्यायची तो, धुराचा वास येणारा.

आज कळूनच जाऊ दे, बारकीने ठरवलं. तिने टॉवेल खांद्यावर टाकला, वाटी उचलली आणि पाय न वाजवता वर्षाच्या उशाशी मांडी घालून बसली.

वर्षाने चाचपडत डोकं तिच्या मांडीवर ठेवलं. तोंड सुजलेलं, पापण्यांच्या कडा लालबुंद. एवढ्या जवळून बारकीने ते कधी पाहिलंच नव्हतं. तिने भिजवलेला कापूस हलकेच उजव्या पापणीवर ठेवला.

"किती उशीर गं," वर्षा कुरकुरली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "सांग आता. बारकीचं सांग."

बारकीचा हात जागीच थांबला.

"काल तलासरीला कबड्डीत जिंकल्या ना पोरी? मी ऐकत होते सगळं, झोपेचं सोंग घेऊन. शेवटची चढाई हिने केली म्हणे. आता पालघरला, नव्या जिल्ह्याच्या संघात घेणार म्हणे. खरंच पाचजणी लोंबकळल्या होत्या तिला, का नेहमीसारखी फेकते?"

बारकीने ओठ आवळले. पाच नव्हत्या, तीन होत्या.

"बोल ना. बरं, नको बोलू. मला ऐकवत नाही. काल दारात तिचे बूट बघितले, चिखलाने भरलेले. वाटलं, उचलून विहिरीत टाकावेत. मी बोअरिंगपर्यंत गेले तरी मला धाप लागते, आणि ही ढोरासारखी उंडारते. तू म्हणशील, लहान हाय ती, जळू नको. मी जळणारच. रोज थोडी थोडी. तू फक्त तिला सांगू नको." ती खुदकन हसली. "सांग ना, पडली का कुठे? थोडी तरी?"

पापणीवरची खपली विरघळत आली होती. बारकीने कापूस डोळ्याच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला ओढला.

"पडली," ती म्हणाली. "गुडघा सोलवटलाय."

बोलून झालं आणि मग तिला कळलं, आपण हे आपल्याच आवाजात बोललो.

वर्षाचं अंग ताठ झालं. उजवी पापणी थरथरली, सुटली. एक लाल डोळा आधी टॉवेलवर गेला, मग बारकीच्या तोंडावर थांबला. मांडीवरचं डोकं मात्र हललं नाही.

"दाखव," वर्षा शेवटी म्हणाली.

बारकीने बसल्या बसल्या स्कर्ट वर सरकवला. वर्षाने एका डोळ्याने गुडघा नीट बघून घेतला, चारी बाजूंनी.

"बरं झालं," ती म्हणाली.

"तीनच होत्या," बारकी म्हणाली.

"माहीत होतं मला."

बाहेर हंडा टेकल्याचा आवाज आला. बारकीने घाईघाईने नवा कापूस भिजवला आणि डाव्या पापणीकडे नेला. वर्षाने तिचं मनगट धरलं.

"तो डोळा तुझा झाला," ती म्हणाली. "हा आयेचा."