जाळीपलीकडून

आजाऱ्याच्या घरून परतायला फादरना उशीर झाला. पापनिवेदनाला आता कोण थांबलंय, असं पुटपुटत ते पाय ओढत चर्चमध्ये शिरले.

चर्च झाडणारी म्हातारी पापनिवेदनाच्या लाकडी कोठडीच्या जाळीपाशी गुडघे टेकून बसली होती. डोळे पुसत ती उठली.

"फादर, इतक्या वर्षांत आज मनापासून ऐकलंत बघा," ती जाळीला म्हणाली. मग वळली आणि दारातल्या फादरना पाहून झटकन जाळीपासून मागे सरली.

फादरनी कोठडीचा पडदा सारला. आतली खुर्ची रिकामी होती.

त्याच खुर्चीत जांभया देत त्यांनी गावाला क्षमा वाटली होती. घाबरायलाही आता अंगात त्राण नव्हतं. म्हातारीच्या जागी त्यांनीच गुडघे टेकले.

जाळीमागून त्यांचाच आवाज आला, जराही न थकलेला.

"बोल, बाळा. फक्त तूच यायचा राहिला होतास."