सातवा भाचा

"डाव्या हाताची दोन बोटं नव्हती माझ्या भावाला," बहीण म्हणाली. "लाकडाच्या वखारीत करवतीखाली गेलेली."

हवालदाराचं पेन कागदावरच थांबलं.

तो हात त्याने पाहिला होता. दीड महिन्यापूर्वी खडकांच्या सांदीत अडकलेलं प्रेत त्यानेच दोराने ओढून काढलं होतं. पाण्याने आणि माशांनी चेहरा म्हणून काही ठेवलंच नव्हतं. बोटं मात्र जुनीच तुटलेली होती, एवढं त्याला तेव्हाही कळलं होतं. त्याने ते कागदावर लिहिलं नाही. लिहायची गरजच पडली नव्हती.

समोरची बाई तीन बस बदलून आली होती. दोन महिने ती किनाऱ्यावरच्या एकेक चौकीचे उंबरे झिजवत होती. "भांडून गेला हो," ती सांगत होती. "मीच म्हणाले, पुन्हा तोंड दाखवू नकोस. रागाच्या भरात माणूस काहीही बोलतं. त्याला घरी न्यायचंय मला. जसा असेल तसा."

हवालदार मनाने वाईट नव्हता. आळशी होता, आणि त्याला दुसऱ्याचं दुःख बघवत नसे. या दोन गोष्टी एका माणसात आल्या की काय होतं, ते त्याला आता समजत होतं. बेवारस प्रेत सापडलं तर ते शहरात पाठवायचं, डॉक्टरांनी चिरायचं, मग चौकशी, जबाब, पत्रांवर पत्रं. नातेवाईक पुढे आला तर मात्र एक सही, 'बुडून मृत्यू', आणि काम संपलं. इथे नातेवाईक नेहमी पुढे येत असे. ती म्हणजे मावशी.

मावशी किनाऱ्याच्या अगदी टोकाला पाच खोल्यांचं लॉज चालवायची. प्रेत आल्याचं कळलं की पदर खोचून हजर. "चिरू नका रे लेकराला," म्हणायची. "माझं समजून मीच माती देते." नात्याच्या रकान्यात ती 'मावशी' लिहायची आणि हवालदार शिक्का मारायचा. नऊ वर्षांत सात भाचे झाले होते तिला. वरच्या ऑफिसात कागद मोजणारे होते, वाचणारे कुणी नव्हते.

"ताई," हवालदार म्हणाला. पेनाला टोपण लावून त्याने ते बाजूला ठेवलं. मग त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. चूक आपली, मावशीची नाही, हेही सांगितलं. नोकरी जाईल हे त्याला दिसत होतं, पण त्या क्षणी त्याला त्याहून जास्त लाज वाटत होती.

बाई रडली नाही. "त्या मावशींच्या पाया पडायचंय मला," एवढंच म्हणाली.

वारा अंगावर वाळू मारत होता. दोघं चालत लॉजवर पोहोचले तेव्हा मावशी अंगणात चादरी वाळत घालत होती. एवढ्या वाऱ्यातही तिची एकेक चादर चापूनचोपून बसलेली.

"मावशी, ही त्याची बहीण," हवालदार म्हणाला. "ते शेवटचं प्रेत. दोन बोटं नसलेलं."

मावशीच्या हातातला चिमटा खाली पडला. चेहरा पांढराफटक झाला. हवालदाराला तिची कीव आली. पुण्य करायला जावं आणि पोलीस दारात यावेत, असं झालं म्हातारीचं. ती पुढे झाली आणि दोघांना लॉजच्या मागे घेऊन गेली.

वाळूच्या उंचवट्याआड सात कबरी होत्या. कडेने पांढरे गोटे, गवताची काडी नाही. प्रत्येकीवर एक फळी, फळीवर मावशीने ब्रशने काढलेलं नाव. 'मास्तर'. 'गवई'. 'बुटका'. बिननावाचं कुणाला मातीत घालू नये असं ती म्हणायची. हवालदाराने एकदा तिची थट्टाही केली होती, की मावशी, बारशाची एवढी हौस, तर एखादं जिवंत पोर तरी दत्तक घ्या.

बहीण शेवटच्या फळीसमोर गुडघ्यांवर बसली. तिने नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग अक्षरांवरून बोट फिरवलं.

"टोळ," ती म्हणाली. "आई म्हणायची त्याला. सगळं घर खाऊन टाकतो म्हणून." तिने मान वर केली. "हे आमच्या घराबाहेर कुणालाच ठाऊक नाही. तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, नावं त्या मनानेच..." हवालदार बोलायला लागला आणि थांबला. पाण्यातून आलेला माणूस बोलत नाही. हा बोलला होता. कधीतरी, या पाच खोल्यांपैकी एका खोलीत, जिवंत बसून बोलला होता. हवालदाराची नजर पुढच्या फळीवर गेली, मग तिच्या पुढच्या. मास्तर. गवई. सात शिक्के त्याने स्वतःच्या हाताने मारले होते.

मावशी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती बहिणीकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतून खरोखरची धार लागली होती.

"माझ्यामागे कुणी नाही म्हणाला गं तो मला," ती म्हणाली. "मी प्रत्येकाला दोनदा विचारते."