चोरीची गोडीशेव

जीपमधून उतरता उतरता बेबीताईंनी कमरेला हात लावून पाहिलं. पुडी जागेवर होती.

पिशवीत वांगी होती, मुगाची डाळ होती, पण तो सगळा देखावा. कारंजाला लेकाकडे, संघपालकडे, यायचं खरं कारण लुगड्याच्या ओच्यात खोचलेलं होतं. कामरगावच्या बाजारातली गोडीशेव, गुळाच्या पाकातली, नातवासाठी, उत्कर्षसाठी.

सून वाईट नव्हती. हे बेबीताई स्वतःशी कबूल करत, जरा नाइलाजानं. सपनाचा स्वयंपाक नेटका, घर लख्ख, संघपालचा डबा वेळेवर. फक्त साखरेच्या बाबतीत ती जेलर झाली होती. उत्कर्षचे दात किडले, दातांच्या डॉक्टरनं काहीतरी सांगितलं, आणि त्या दिवसापासून घरात बिस्किट बंद, चॉकलेट बंद, दुधातली साखरसुद्धा बंद. साखरेचा डबा फळीवर इतका वर चढवला होता की खुद्द संघपालला टाचा उंचवाव्या लागत.

बेबीताईंना हे सोसत नव्हतं. संघपाल या पोराएवढा असताना गोडीशेवेच्या गाडीसमोर बसकण मारून रडला होता आणि त्यांनी त्याला दंडाला धरून फरफटत घरी नेलं होतं. तेव्हा घेऊन द्यायची ऐपत नव्हती. आता आहे, तर ही बया पोराला खाऊ देत नाही. म्हणजे फारच झालं!

म्हणून दर आठवड्याला ही चोरी. आणि ती जमतही झकास होती. बेबीताई येऊन टेकल्या की सपनाला नेमकं काहीतरी आठवे. कधी दळण, कधी शेजारणीकडचं विरजण, कधी गच्चीवरचे कपडे. "आई, मी आलीच," म्हणून ती बाहेर पडे आणि चांगला अर्धा तास रेंगाळे. तोवर आजी-नातवाचा कार्यक्रम उरकलेला असे. परत आल्यावर ती पोराला भर दुपारी ब्रश करायला लावी, तेवढं एक तिचं खूळ. बेबीताई गालातल्या गालात हसत. शिकलेली आहे, पण भोळी आहे बिचारी.

त्या दिवशी मात्र समोरच्या भागिरथाबाईंच्या नातीचा वाढदिवस निघाला. बेबीताईंनी पाणी प्यायलं नाही तोच बोलावणं आलं. पुडी ओच्यातच राहिली.

केक कापला गेला. पोरं तुटून पडली. उत्कर्षसमोर गुलाबी फुलाचा तुकडा आला, तशी सपना खाली वाकून त्याच्या कानात काहीतरी बोलली. पोरानं केककडे पाहिलं, मग आजीकडे पाहिलं आणि मान हलवली.

"घे ना रे बाबू," भागिरथाबाई म्हणाल्या. "एवढ्याशानं काय होते?"

"नको," उत्कर्ष म्हणाला.

हात मागे बांधून तो उभा राहिला. बाकीची पोरं बोटं चाटत होती. आजी, तू तरी काहीतरी बोल, असंच ते पोर डोळ्यांनी सांगतंय असं बेबीताईंना वाटलं.

घरी येईपर्यंत त्यांनी दम धरला. दार लागलं आणि तोंड सुटलं.

"सपना, पोट्टं हाय का कैदी हाय ते?"

"काय झालं, आई?"

"काय झालं म्हन्ते! चारचौघांत पोराच्या तोंडचा घास काढला तू. कानात काय दम देल्ला त्याले?"

"दम नाई देल्ला. इचारलं फक्त."

"इचारलं म्हने! माह्या डोळ्यानं पाह्यलं मी. कसं केविलवानं तोंड करून माह्याकडं पाहून राह्यलं होतं लेकरू."

सपनानं काही सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. तिचे डोळे भरून आले होते. बेबीताई आणखीच भडकल्या.

"मी याले कामरगावले घेऊन चाल्ली. तिथंच शाळेत घालीन. माह्या घरी डबे लपवून नाई ठेवत कोनी."

"आई, असं नका करू ना," सपना कशीबशी म्हणाली. "चहा ठेवते मी." आणि डोळे पुसत ती स्वयंपाकघरात गेली.

बेबीताईंनी पिशवीतली वांगी खाली ओतली आणि दोरीवरचे उत्कर्षचे सदरे आत कोंबायला घेतले. पोराला असं उचलून नेलं तर लेकाच्या घरात पुन्हा पाऊल ठेवायला तोंड राहणार नाही, हे त्यांना कळत होतं. पण राग मागे हटेना.

उत्कर्ष येऊन त्यांना बिलगला आणि ओचा चाचपू लागला.

"आजी, पुडी आनली ना?"

"आनली, राजा. आता कोनाले भ्याचं काम नाई. तुह्या मम्मीनं केक नाई खाऊ देल्ला ना?"

"मम्मी तं म्हने, खायचा असन तं खा. मीच नाई खाल्ला."

"काहून?"

"गोड हप्त्यातून एकच डाव खायचं असते. केक खाल्ला असता तं तुही गोडीशेव कशी खाल्ली असती?"

बेबीताईंच्या हातातला सदरा तसाच राहिला.

"हे कोनं सांगतलं तुले?"

उत्कर्षनं स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि आजीच्या कानाला तोंड लावलं.

"मम्मीनं. तो एक डाव आजीचाच ठेवाचा, म्हने. पन तुले सांगू नको म्हने, चोरून देयाले आजीले लय मजा येते."