आईनं निवडलेला मासा

बंदरावरच्या हॉटेलात दाराशी बर्फावर मासे मांडलेले असतात. आपला आपण निवडायचा. चाळीस वर्षं बाजारात मासळी विकलेली माझी आई निवडायला आली, की वेटर दोन पावलं मागं सरायचा. कल्ले उघडून, अंगठा दाबून ती बजावायची, "परवाचा आहे. मालकाला वाढ." आज तिनं तळातून एक मासा ओढला, दाबला, हुंगला. "हा घे. फडफडीत आहे." माशाचे डोळे खोल गेलेले, कल्ले काळपट. वास मला हातभर लांबून येत होता. वेटरनं माझ्याकडे पाहिलं आणि मासा आत नेला. ताट आलं. पहिल्याच घासाला मला कळलं, त्यानं मासा बदललाय. आई खुशीत होती. "बघितलंस? म्हातारी झाले, पण अंगठा चुकत नाही." मी मधली तुकडी तिच्याकडे सरकवली. पाणी ओतताना वेटर म्हणाला, "आजी, तुम्हाला फसवायची कुणाची टाप आहे!"