पुढची जोडी

"नवी जोडी पुढं घातली?" सुलोचना शर्यतीच्या मैदानाच्या कडेलाच कडाडली. वर्षभर ह्याच ट्रॅक्टरनं नांगरट तिनं केली होती. टायरांची एकच नवी जोडी घ्यायची होती. वाळूची ट्रॉली ओढायची तर सगळा जोर मागच्या टायरांवर येतो, नवे तिथंच घाला, असं तिनं दिराला चारदा बजावलं होतं.

"वहिनी, फोटो समोरनं निघतो," फेटा सावरत दीर हसला. "मागचं कोण बघतंय?" आणि तो ऐटीत सीटवर चढला. शर्यतीत बाई नको, हेही त्यानंच ठरवलं होतं.

निशाण पडलं. मागचे गुळगुळीत टायर जागच्या जागी गरगरले. मुरूम उडून सुलोचनाच्या तोंडावर आला. ट्रॉली तसूभर हलली नाही. चाकं मात्र खड्डा पाडून रुतत गेली. पुढं हळदीकुंकू लावलेले नवेकोरे टायर नुसते बघत राहिले.

फोटोवाला समोर धावला. सुलोचनानं त्याला दंडाला धरून मागं ओढत आणलं.

"ह्या खड्ड्याचा काढ. मोठा करून घरात लावते."

दीर खाली उतरून कुजबुजला, "वहिनी, सगळं गाव बघतंय!"

"बघू दे की!" ट्रॅक्टर बाहेर काढायला सीटवर चढत ती गरजली. "मागचं कोण बघतंय, म्हणत होता ना?"