सुरीची पाठ

धनुष्य ओढणाऱ्याला त्याचा बाक नीट दिसत नाही, तो समोरच्यालाच पाहावा लागतो. म्हणून धनुष्यं बनवणाऱ्या म्हाताऱ्याच्या वर्कशॉपमधलं समोरचं स्टूल चाळीस वर्षं त्याच्या बायकोचं होतं. म्हातारा दोरी कानापर्यंत ओढायचा आणि ती शिवणातून मान वर करून निकाल द्यायची, "वरची बाजू ताठ आहे." मग तो तेवढीच बाजू सुरीने खरवडायचा. तिचा शब्द कधी चुकला नाही.

दोन वर्षांपूर्वी तिचे टाके वाकडे जायला लागले, तेव्हाच त्याच्या लक्षात आलं की हिची नजर गेली. तिने कबूल केलं नाही, त्यानेही विषय काढला नाही. समोरच्या भिंतीवर गुपचूप एक आरसा तेवढा टांगला. तरी विचारायचा मात्र तिलाच, "बघ गं, कसं वाकतंय?"

"खालची बाजू ताठ," ती ठोकून द्यायची.

"बरोब्बर!" म्हणत तो सुरीच्या बोथट पाठीने लाकूड नुसतं घासायचा, म्हणजे काहीच निघायचं नाही. तिला आवाज गेला म्हणजे झालं.

आजही त्याने तसंच घासायला घेतलं.

"अहो, पुरे आता," ती म्हणाली. "सुरीच्या पाठीने किती घासाल? लाकूडसुद्धा कंटाळलं असेल."

त्याचा हात जागच्या जागी थांबला. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. चाळीस वर्षं धारेचा आवाज ऐकलाय मी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर तुम्ही मला विचारायचं बंद केलं असतं."